सांधावी की बदलावी?

मराठीत भेग पडते, टवका उडतो, पण तडा मात्र 'जातो'. विश्वासाला जातो, भिंतीला जातो, काचेला जातो. हे क्रियापद ज्याने कोणी प्रथम योजले असेल त्याची दृष्टी फार नेमकी असली पाहिजे; कारण तडा ही एकदा घडून स्थिरावणारी गोष्ट नव्हे. तो मुक्काम करतो आणि पुन्हा निघतो. आमच्या मोटारीच्या पुढच्या काचेवर खडीचा एक तुकडा आपटल्यानंतरचे दहा दिवस आम्ही या क्रियापदाच्या सहवासात काढले. त्या दहा दिवसांत जो प्रश्न सोडवायचा होता तो वरवर पाहता गॅरेजमधला होता: काच सांधावी की बदलावी? परंतु आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, आणि आमच्यापैकी एकाचे निम्मे आयुष्य पोथ्यांचे पाठ जुळवण्यात गेलेले. त्यामुळे तो प्रश्न गॅरेजमध्ये राहिला नाही.

घटना थोडक्यात अशी. दर शनिवारी आम्ही पुण्याहून साताऱ्याला आईकडे जातो आणि रविवारी रात्री परततो. गेल्या एप्रिलमध्ये खंबाटकीचा घाट चढताना पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. चालकाच्या समोर, नजरेच्या उंचीवर, एक चांदणी उमटली. मध्ये मोहरीएवढा खळगा, त्यातून निघालेले तीन पाय. सगळे मिळून रुपयाच्या नाण्याखाली झाकले जाईल एवढे. आत काहीच आले नाही, काच जागची हलली नाही.

काच जागची हलली नाही याचे श्रेय एका फ्रेंच गृहस्थाकडे जाते. एदुआर बेनेदिक्तुस हा चित्रकार आणि रसायनज्ञ. त्याच्या प्रयोगशाळेतील एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आतल्या बाजूस सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला पापुद्रा होता, असे सांगतात. त्यातून सुचलेल्या दुपदरी काचेचे पेटंट त्याने १९०९ साली घेतले. आजच्या मोटारीच्या पुढच्या काचेतही दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लास्टिकचा, बहुधा पाऊण मिलिमीटरचा, पडदा असतो. बाजूच्या काचा सामान्यतः वेगळ्या जातीच्या. त्या फुटल्या की साबुदाण्यासारखे दाणे होऊन खाली बसतात. त्यांच्या बाबतीत सांधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवतो तो फक्त पुढच्या काचेपुरता, कारण तीच एक अशी आहे की जी फुटूनही उभी राहते.

आणि उभी राहते म्हणूनच फसवते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात काचेच्या दुबळेपणाचा उलगडा केला. अणूंमधील बंधांचा हिशेब मांडला तर काच पुष्कळच बळकट असायला हवी. प्रत्यक्षात ती तशी नसते, कारण तिच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात आणि काचेवर येणारा ताण त्या भेगांच्या टोकांशी एकवटतो. टोक जितके अणकुचीदार तितका ताण अधिक. म्हणूनच काच कोठे मोडेल हे काच ठरवत नाही, तिच्यातील भेग ठरवते. त्यातच उन्हात तापलेल्या मोटारीत एकदम एसी लावला, खड्ड्यात चाक आदळले किंवा पावसाचे पाणी भेगेत शिरले, की तड्याला पुढे जाण्यास निमित्त मिळते. पाण्याचा तर दुहेरी उपद्रव: ते टोकाशी असलेले बंध सैल करते आणि पुढे भरायच्या रेझिनला जागा देत नाही. म्हणून आम्ही त्याच दिवशी खळग्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. या एका कृतीबाबत आमच्यात मतभेद नव्हता.

मतभेद सुरू झाला तो नाना पेठेतल्या काचवाल्यासमोर. त्याने चिकटपट्टी सोलली, खळग्यावर नख फिरवले, आत बसून आतल्या बाजूनेही बोट फिरवले आणि सांगितले, "सर, आतली काच शाबूत आहे, पडदा शाबूत आहे. अर्ध्या-पाऊण तासात भरून देतो. पण मॅडम, डाग राहणार. भरलेलं दिसतं."

सांधण्याची रीत मोठी देखणी आहे. खळग्यावर एक लहानसे यंत्र बसवून आतली हवा ओढून घेतात, मग त्याच वाटेने पातळ रेझिन दाबाने आत सोडतात. ते चांदणीच्या पायांच्या टोकापर्यंत पोचले की अतिनील दिव्याने घट्ट करतात आणि वरचा उंचवटा खरवडून गुळगुळीत करतात. रेझिन आणि काच यांतून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो, म्हणून भेग नाहीशी झाल्यासारखी वाटते. जवळजवळ. या शब्दातच सारी गोम आहे. टोकाशी एकवटणारा ताण आता भरावावर पसरतो, तडा थांबतो, काच पुन्हा एकसंध होते. पण जेथे आघात झाला तेथे एक अंधूक ठिपका उरतो.

सांधण्याचे नियम सर्वत्र साधारण सारखेच आहेत. आघात नाण्याएवढा किंवा त्याहून लहान असावा, फक्त बाहेरच्या काचेला असावा, कडेपासून दूर असावा आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसावा. आमची चांदणी पहिल्या तीन कसोट्यांना उतरली होती आणि चौथीला नापास झाली होती. मोठा तडा गेला असता तर चर्चाच संपली असती; कोपऱ्यात टवका उडाला असता तरीही. दोन्ही बाजूंना पुरेसा आधार असतो तेव्हाच निर्णय घ्यावा लागतो.

आमच्यापैकी जो पाठचिकित्सेतला, त्याचा कौल सांधण्याकडे होता आणि त्याची कारणे भावनिक नव्हती. कारखान्यात बसवलेली काच शरीराशी युरेथेनच्या चिकट थराने जखडलेली असते. ती काढायची म्हणजे तो थर तारेने किंवा पात्याने कापायचा. त्यात चौकटीच्या रंगावर ओरखडा गेला आणि तो तसाच राहिला, तर दोन पावसाळ्यांत गंज धरतो. नवी काच नीट चिकटली नाही तर पाणी गळते, आणि त्याहून गंभीर म्हणजे अपघातात ती चौकटीत राहत नाही. ही काच केवळ वारा अडवण्यासाठी नसते. मोटार उलटली तर छपराला ती आधार देते. पुष्कळ मोटारींत डावीकडची एअरबॅग फुगताना तिच्यावरच टेकते, आणि डावीकडे आमची आई बसते. शिवाय सांधण्याचा खर्च हा बदलण्याच्या खर्चाचा लहानसा अंश. विम्याचे गणितही ध्यानात घ्यावे लागते. आपल्याकडच्या विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत हे खरे. पण प्रत्येक दाव्यात ठराविक रक्कम स्वतःच्या खिशातून जाते आणि पाच वर्षे दावा न केल्याने मिळालेली पन्नास टक्क्यांची सवलत पुढच्या नूतनीकरणाला पुसली जाऊ शकते. 'जेवढे बिघडले तेवढेच दुरुस्त करावे, मूळ शक्य तितके राखावे' हे त्याचे सूत्र. हे सूत्र त्याने गॅरेजमधून आणलेले नव्हते. ते त्याच्या विषयाचे होते.

भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून वि. स. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते आणि काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. त्या आवृत्तीत जेथे पाठ निःशंक नाही तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ असते. नाकारलेले पाठ तळटीपांत आणि मोठे प्रक्षेप परिशिष्टांत जातात. सांधा लपवायचा नाही, सांध्यावर बोट ठेवायचे, ही त्या परंपरेची नीती. भरलेल्या खळग्याचा अंधूक ठिपका ही आमच्या काचेखालची नागमोडी रेघच आहे, ती राहू दे, असे त्याचे म्हणणे.

दुसरीचे म्हणणे एवढेच होते की रविवारी रात्री मोटार ती चालवते. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला आहे. समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप तिला आधीच फुटून दिसते. त्या तिरिपेच्या वाटेवर बरोबर एक ठिपका ठेवायचा आणि त्याला संपादकीय प्रामाणिकपणा म्हणायचे, हे तिला मान्य नव्हते. मोतीबिंदूच्या बाबतीत डॉक्टर मूळ भिंग राखायचा आग्रह धरत नाहीत, भिंगच बदलतात, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही, असेही ती म्हणाली.

या उत्तरावर आम्ही बराच काळ थांबलो. कारण त्यातून एक भेद पुढे आला, जो आमच्या दोघांच्याही अध्यापनाला लागू पडतो. काही वस्तू पाहण्यासाठी असतात आणि काही वस्तूंमधून पाहायचे असते. जी पाहायची, तिची दुरुस्ती दिसली पाहिजे. ती झाकणे ही लबाडी. जिच्यातून पाहायचे, तिची दुरुस्ती दिसता कामा नये. ती दिसणे हाच दोष. देवळाच्या जुन्या खांबाला नवा दगड जोडला तर तो ओळखू यावा. चष्म्याच्या भिंगाला मात्र हा न्याय लावता येत नाही.

मग ग्रंथ यांपैकी कोणता? विद्यार्थ्यांना आम्ही ज्ञानेश्वरीच्या पाठाविषयी सांगतो तेव्हा एकनाथ आणि राजवाडे अशी दोन टोके मांडण्याची रूढी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पाठांतरांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पण कोठे काय बदलले याच्या खुणा ठेवल्या नाहीत. राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून १९०९ साली वेगळा पाठ छापला आणि जुन्या रूपांकडे लक्ष वेधले. आधुनिक चिकित्सेच्या दृष्टीने पाहिले तर एकनाथांनी नागमोडी रेघ काढली नाही हे खटकते. परंतु त्यांच्यासमोरचा वाचक पाठ तपासणारा नव्हता. तो ओवीतून गीतेकडे पाहणारा होता. पारायणाला बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर प्रत्येक ओळीत ठिपका असता तर त्याला ठिपकेच दिसले असते. राजवाडे आणि सुखटणकर यांना ग्रंथ पाहायचा होता. एकनाथांना त्यातून दिसायला हवे होते. दोन्ही कामे संपादनाचीच; मात्र एकाचा नियम दुसऱ्यावर लादला की दोन्ही बिघडतात.

हा भेद मान्य झाल्यावर निर्णयाला वेळ लागला नाही. काच बदलायची. पहिल्या बाजूचे आक्षेप मात्र खोटे ठरले नव्हते. ते आता अटी झाले. नवी काच आयएसआयची खूण असलेली, दुपदरी आणि मोटारीच्या कंपनीला पुरवठा करणाऱ्याचीच हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील शंभराव्या नियमानुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, म्हणून गडद छटेची काच नको. जुना चिकट थर मुळापासून न खरवडता त्याचा पातळ पाया ठेवून त्यावरच नवा थर द्यायचा, ओरखडा गेलाच तर प्रायमर लावायचा, आणि थर सुकेपर्यंत काचवाला सांगेल तितके तास मोटार हलवायची नाही. काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या मोटारींत तो कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. आमची मोटार जुनी, तेवढा प्रश्न वाचला. फास्टॅग मात्र काचेबरोबर गेला. तो सोलला की निकामी होतो, हेतुतःच तसा बनवलेला असतो; नवा घ्यावा लागला. विम्याचा दावा आम्ही केला नाही. सवलत आणि बिल यांची तुलना कागदावर मांडली आणि बिल स्वीकारले. ज्यांची काच महाग आहे किंवा ज्यांच्या विम्यात सवलत राखण्याची सोय आहे, त्यांचे गणित वेगळे येईल. ज्यांचा टवका डावीकडच्या बाजूला आहे त्यांनी तर निःसंकोच सांधून घ्यावे. तेथे बदलणे ही निव्वळ उधळपट्टी होईल.

काच बसवून झाल्यावर काचवाल्याने एक गोष्ट दाखवली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचे नाव, प्रमाणपत्राची खूण आणि निर्मितीचा काळ सुचवणारे सांकेतिक आकडे-ठिपके असतात. इतर काचांवर एक साल, पुढच्या काचेवर दुसरे. "गाडी विकाल तेव्हा घेणारा आधी हेच बघतो, कुठली काच बदललीय ते," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात सावधगिरीची सूचना होती, पण पाठचिकित्सकाला त्यात समाधान लाभले. नजरेच्या वाटेवर काही नाही. पण शोधणाऱ्याला कोपऱ्यात नोंद सापडते. पोथीच्या शेवटी लेखनकाल सांगणारी पुष्पिका असते, तशी. आणि मग ध्यानात आले की एकनाथांनीही तेच केले आहे. मधल्या ओव्यांत त्यांनी हाताची खूण ठेवली नाही. पण ग्रंथ संपल्यावर, शेवटी जोडलेल्या ओव्यांत, शुद्धीकरणाचा शक मात्र नोंदवून ठेवला आहे.