नेवासें आणि एक चिनी शब्द

अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरातीरीं वसलेलें नेवासें आम्ही नुकतेंच पाहिलें. ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरमाउलींनीं शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली असें परंपरा मानते, तो 'पैस' खांब येथेंच आहे. ग्रंथाच्या शेवटीं यादवराजा रामचंद्राचा उल्लेख येतो. त्याच्याही पूर्वीं, सातव्या शतकांत, चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग चालुक्य पुलकेशीच्या राज्यांत आला होता. चिनी लिपींत परकें नांव ध्वनीवरून लिहितात. 'महाराष्ट्र' त्यानें 'मो-हो-ल-च' असें टिपलें. परक्यानें आपलें नांव इतक्या आस्थेनें जपलें. 'पैस' म्हणजे विस्तार, हें मात्र आमच्याच नातवंडांस सांगावें लागतें! वाचकहो, घरांत रोज एक ओवी अर्थासह वाचावी; शब्द त्यानेंच जगतील.