झाडांसकट घर विकणे आहे

सुट्टीच्या दिवशी नेटवर न परवडणारी घरं बघणं हा माझा फुकटचा छंद. परवा इटलीतली एक जुनी हवेली दिसली, द्राक्षमळा आणि ऑलिव्हच्या बागेसकट. जाहिरातीत खोल्यांच्या आधी झाडांचं कौतुक!

आता आमच्याकडचं बघा. मी विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, हप्त्यांवरच्या फ्लॅटमध्ये राहतो. आजोळ पश्चिमेला, आगाशीत. कौलारू घर, विहीर, नारळ, पानवेली आणि राजेळी केळी. हीच केळी सोलून उन्हात वाळवली की वसईची सुकेळी तयार. १७३९ साली पोर्तुगीज वसईतून गेले, वाड्या राहिल्या. आता त्यांची पाळी आलीय.

बिल्डर येऊन गुंठ्याचा भाव सांगून गेला. मामांनी विचारलं, "आणि झाडांचे किती?"

"काका, ती तोडायचा खर्च उलट आमचाच!"

गोची अशी की २००५ च्या कायदादुरुस्तीने लेकींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला. म्हणजे आईची सही लागणार. तिच्या वाट्यात माझं अर्धं कर्ज फिटतं, एक्सेलमध्ये मांडून बघितलंय. 'नको' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, 'कर' म्हणायलाही नाही.

आई एवढंच म्हणाली, "यंदाची सुकेळी होऊ देत, मग बघू."