वरातीमागून नाल

भोपाळच्या पूर्वेकडे, पिपलानी आणि बरखेडा ह्या भेलच्या वसाहतींच्या आसपास, अवधपुरी नावाची वस्ती आहे. नाव अयोध्येचे, पण ह्या पुरीला शरयूचा काठ नाही की राजवाडा नाही. आहेत त्या लहानमोठ्या बैठ्या घरांच्या ओळी आणि पहाटे फिरावयास निघालेले निवृत्त कर्मचारी. १९५६ साल ह्या भागाच्या नशिबात मोठे ठरले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नवा मध्यप्रदेश अस्तित्वात आला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि तिच्या पाठोपाठ कितीतरी मराठी कारकून, शिक्षक व अधिकारी आपले बिऱ्हाड घेऊन आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कारखान्याने आणखी मराठी घरे इकडे ओढून आणली. त्या पिढीची नातवंडे आता लग्नाची झाली आहेत. आमची भाची त्यांपैकीच एक.

ही मुलगी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली. तिने वर पसंत केला तोही तिचाच सहाध्यायी. गेल्या दसऱ्याला दोन्हीकडची मंडळी याद्या करावयास बसली, तेव्हा पाहुण्यांना परतीची भेट काय द्यावी हा प्रश्न निघाला. कोणी स्टीलचा डबा सुचवला, कोणी चांदीचा मुलामा दिलेली वाटी. भाची म्हणाली, "मामा, मला प्रत्येक घराला घोड्याचा एक नाल द्यायचा आहे. खरा, घोड्याने वापरलेला."

विलायतेत नववधूच्या हाती फितीला बांधलेला नाल देण्याची चाल आहे, हे आम्ही वाचले होते. तिकडे त्यामागे दहाव्या शतकातल्या संत डन्स्टनची आख्यायिका सांगतात. हा धर्मगुरू लोहारकाम जाणणारा होता. त्याने म्हणे सैतानाच्याच खुराला नाल ठोकला आणि तो वेदनेने विव्हळू लागला, तेव्हा ज्या दारावर नाल असेल त्या घरात शिरणार नाही असे वचन त्याच्याकडून घेतले. आपल्याकडे सैतान नाही, पण नाल आहे. जुन्या वाड्यांच्या उंबरठ्यावर ठोकलेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेला नाल आमच्या वयाच्या वाचकांनी पाहिलेला असेल.

तेव्हा कल्पना अगदीच परकी नव्हती. तरीही वधूच्या आजींनी, म्हणजे आमच्या भगिनीच्या सासूबाईंनी, ती ऐकताच हातातली यादी खाली ठेवली. "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसे. लोखंड शनीचे. ते दानात देतात, आहेरात नव्हे. शिवाय जनावराच्या पायातली वस्तू पाहुण्याच्या हातात द्यायची?" आक्षेप खोडून काढण्यासारखा नव्हता. मुळात 'नाल' हा शब्द अरबी, आणि त्या भाषेत त्याचा अर्थच पायतण. उंबरठ्यावर नाल ठोकणे निराळे आणि मंगलकार्यात तो आलेल्याच्या ओंजळीत घालणे निराळे. भाची काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. शेवटी आधी वस्तू मिळते का ते तरी पाहू, असा मध्यम मार्ग आम्ही काढला आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर भाचीला घेऊन जुन्या भोपाळची वाट धरली.

रायसेन मार्गाने प्रभात चौक, पूल बोगदा, भारत टॉकीज असे मागे टाकीत हमीदिया रस्त्याला लागले की जवळच घोडा नक्कास नावाचा बाजार आहे. नख्खास म्हणजे जनावरांच्या खरेदीविक्रीची जागा. आज तेथे दुकाने, हॉटेले आणि माल उतरवणाऱ्या गाड्या ह्यांची गर्दी असते. घोडा उरला आहे तो पाटीवर. पण मराठी माणसाने ह्या नावापाशी क्षणभर थांबावे. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला ह्याच भोपाळात कोंडले. धान्य आणि वैरण तुटल्यावर निजामाने हार मानली आणि जानेवारी १७३८ मध्ये येथून जवळच दोराहा येथे तह होऊन माळवा मराठ्यांना देण्याचे त्याने कबूल केले. हे यश घोडदळाच्या वेगाचे. आणि तो वेग नालावर तोललेला होता, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदारांना घोड्यांच्या तयारीसाठी जी आगाऊ रक्कम देत, तिला 'नालबंदी' असेच नाव होते. रक्कम खोगीर, लगाम, दाणा अशा सगळ्यासाठी, पण नाव मात्र नालाचे.

पुढे लोहा बाजारात आम्ही एका दुकानात चौकशी केली. दुकानदाराने तत्काळ टोपलीभर नाल पुढे ओतले, सगळे काळे कुळकुळीत. "काळ्या घोड्याचे आहेत, साहेब. शनिवारी हेच चालतात." भाचीने एक उचलून उलटसुलट पाहिला. कड कोठेही झिजलेली नव्हती, खिळ्यांची भोके कोरी होती आणि बोटांना ताजा रंग लागला. घोडा कोठला, असे तिने विचारले. "घोडा काळा," एवढेच उत्तर मिळाले. आम्ही नमस्कार करून खाली उतरलो. नवा नाल विकणे हा गुन्हा नव्हे, नालबंदालाही नवेच नाल लागतात. पण न चाललेल्या घोड्याचे भाग्य रंग लावून विकावे, हे काही मनाला पटले नाही.

विचारत विचारत शेवटी एका गल्लीत, कडुनिंबाच्या सावलीला, खरा नालबंद भेटला. साठीचा, कृश, गुडघ्यावर चामड्याचा तुकडा बांधलेला. समोर वरातीची पांढरी घोडी उभी होती. त्याने तिचा पुढचा पाय स्वतःच्या मांड्यांमध्ये धरला, जुन्या नालाचे खिळे एकेक करून उपटले, वाढलेले खूर सुरीने तासले आणि कानशीने सपाट केले. खूर म्हणजे आपल्या नखासारखा पदार्थ, महिन्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. नाल असला की ते झिजत नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांनी नाल काढून, खूर कापून, पुन्हा ठोकावा लागतो. पुढच्या पायांचे नाल गोलसर आणि मागच्यांचे थोडे निमुळते, हेही आम्हांला त्या दिवशी कळले. खिळ्याचे टोक एका अंगाने तासलेले असते. त्यामुळे तो आत न शिरता वळून खुराच्या बाहेरच्या कडेतून वर निघतो. त्या बाहेरच्या थराला संवेदना नसते. पण दोन-चार दोऱ्यांचे अंतर चुकले की खिळा जिवंत भागात जातो आणि जनावर लंगडते. हे सगळे भाची सांगत होती आणि नालबंद मान न वर करता "बराबर है, बेटी" म्हणत होता. पुस्तकी विद्या आणि हातची विद्या एकमेकींना ओळख देतात तेव्हा शिक्षकाला होणारा आनंद निराळाच असतो.

मग हिशेब मांडला. आमची यादी दोनशे घरांची. एका घोड्याचे नाल चार, म्हणजे एका वेळी पन्नास घोडे हवेत. ह्या नालबंदाकडे नियमाने येणारी जनावरे बारा, एका फेरीचे नाल अठ्ठेचाळीस. लग्न माघात होते, म्हणजे हाती चार महिने, दोन फेऱ्या. एकूण शहाण्णव. त्यातही काही इतके झिजलेले असणार की कागदासारखे पातळ. दोनशेचा आकडा घोड्यांच्या पायांनी नाकारला होता.

मित्रांनी दूरच्या वाटा सुचवल्या. माथेरानात मोटारींना बंदी, तेथे घोड्यांची जा-ये मोठी. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. शर्यतीच्या घोड्यांचे नाल पुण्यामुंबईकडे मिळतील, असेही कोणी म्हणाले, पण शर्यतीला हलके ॲल्युमिनियमचे नाल वापरतात, म्हणजे शनीचा प्रश्न सुटला तरी नालाचे नालपण गेले. मुंबईच्या घोडागाड्यांचा मार्ग तर २०१५ सालीच उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्यामुळे बंद झालेला. पश्चिम महाराष्ट्रात नालबंदाचा हात अजून चालतो तो ऊसगाड्यांच्या बैलांवर. बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून एकेका पायाला दोन-दोन पत्र्या आणि एका बैलाला आठ. पण पत्री ती पत्री, तिला नालाची कमान नाही. आम्ही ठरवले की वस्तू ह्याच गावच्या घोड्यांची असावी. यादीत घरटी एक असा नियम कडक लावला, एकत्र राहणारी भावंडे एका घरात मोजली, आणि आकडा नव्वदावर आणून ठेवला.

आता उरल्या होत्या आजी. त्यांचे मन वळले ते आमच्या युक्तिवादाने नव्हे. दुसऱ्या खेपेस त्या स्वतःच गाडीत येऊन बसल्या. नालबंदाने त्यांना पाट दिला आणि बोलता बोलता म्हणाला, चातुर्मासात वराती नसतात. मालकाला कमाई नाही, मग घोड्याला नाल कोठून? चार महिने खूर वेडेवाकडे वाढते आणि कार्तिकात जनावर एकदम डांबरी रस्त्यावर उतरते. भाचीने त्यात भर घातली की घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, खिळ्याची एखादी जखमही पुरते. लस स्वस्त आहे, पण टोचून घेणारे थोडे. आजी बराच वेळ घोडीच्या पायाकडे पाहत राहिल्या. परतताना म्हणाल्या, "लोखंड फुकट घेऊ नये, मोल देऊन घ्यावे. मोल दिले की ते दान राहत नाही. नाल घेणाऱ्याने तबकात एक रुपया टाकावा, आणि ते पैसे ह्या मुक्या जनावरांच्या लसीला द्यावेत." शास्त्राच्या आत राहून शास्त्राला वाट करून देण्याची ही हातोटी आमच्या जुन्या बायकांचीच.

पुढचे चार महिने आमच्या भगिनीच्या घराच्या गच्चीवर लोहारखाना चालला. नालांतले मोडके खिळे काढणे, तारेच्या ब्रशाने गंज घासणे, ऊन्हात तापवून जवसाचे तेल चोळणे. शाळेतली कार्यशाळा आम्ही आयुष्यभर मुलांकडून करवून घेतली, आमच्या हाताला ती तेव्हा लागली. वराकडील मंडळींनीही एक रविवार येऊन हात काळे केले. रुखवताच्या फराळापेक्षा ह्या कामाने व्याही व्याह्यांना अधिक जवळचे झाले, असे आमचे मत आहे.

लग्नाच्या दिवशी वरात निघाली ती त्याच पांढऱ्या घोडीवरून. दारात लाल कापडावर नाल मांडलेले, शेजारी तांब्याचे तबक आणि त्यापाशी स्वतः आजी बसलेल्या. पाहुणे निरोप घेताना रुपया टाकीत आणि नाल उचलीत. कोणी रुपया टाकला, कोणी शंभराची नोट. नालबंद सपत्नीक आला होता. त्याला आजींनी पोशाख केला आणि पंक्तीत बसवले. मराठीत 'वरातीमागून घोडे' म्हणजे वेळ टळल्यावर केलेली धडपड. आमच्याकडे वरातीमागून नाल गेले, पण वेळ टळली नव्हती. त्याच महिन्यात बाराही जनावरांना लस टोचून झाली.

वाचकांपैकी कोणास असे काही करावयाचे असेल, तर लग्नाआधी निदान चार-पाच महिने नालबंदाला गाठावे. नाल काढण्याची पाळी येण्याआधी घोड्याच्या पायातून तो काढवू नये, आणि प्रत्येक जुन्या नालाचे रास्त मोल द्यावे. टोके वर ठेवावीत की खाली, ह्यावर विलायतेतही एकमत नाही. वर ठेवली तर भाग्य साठते म्हणतात, लोहार मात्र खाली ठेवतो, ते ऐरणीवर सांडावे म्हणून. अवधपुरीतल्या आमच्या गल्लीत आता दोन्ही प्रकारची दारे आहेत. भाची मात्र तारखांची एक वही बाळगते. कोणत्या घोडीचे नाल कधी बदलले आणि पुढची पाळी केव्हा, हे तीत लिहिलेले असते, आणि येत्या चातुर्मासाची पाने तिने आधीच आखून ठेवली आहेत.