दोष कुणाचा, ते आधी ठरव

चि. निखिल,


डेट्रॉइटजवळच्या जुन्या बाजारात तुला मिळालेल्या १:२५ मापाच्या फोर्ड गॅलक्सीचे फोटो पाहिले. टपावर ग्लूचे ओघळ, ब्रशने फासलेला जाड लाल रंग, धुरकट झालेली पुढची काच आणि एका बाजूला कललेली चाकं. ‘सगळी सुटी करून, सगळं सुधारून, अगदी खऱ्या गाडीसारखी करू का?’ असं तू विचारलं आहेस. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून देतो. गाडी सुटी कर, साफ कर, पुन्हा जोड. पण सगळं सुधारू नकोस. कोणत्याही दोषाला हात लावण्यापूर्वी तो कुणाचा आहे ते ठरव. साच्याचा, जोडणाऱ्या हाताचा, की काळाचा? हाताचे आणि काळाचे दोष काढावेत, साच्याचे जसेच्या तसे राहू द्यावेत. नीट पाहून ही वाटणी केली, की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

यामागचं कारण असं, की तुझ्या टेबलावर एकच गाडी नाही. एक आहे १९६३ सालची फोर्ड, जिची ही प्रतिकृती आहे. आणि दुसरी आहे ही प्रतिकृती, जी स्वतःच साठच्या दशकातली एक कारखानी वस्तू आहे. ती बनवणारी एएमटी ही कंपनी १९४८ साली तुझ्याच भागात, डेट्रॉइटजवळ सुरू झाली. मोटार विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायला किंवा द्यायला तयार छोट्या गाड्या बनवणं हे तिचं मूळ काम. १९५८ पासून तशाच साच्यांतून तिने घरी जोडायचे किट काढायला सुरुवात केली. या उगमाच्या खुणा किटमध्ये स्पष्ट दिसतात. चासी म्हणजे एक सपाट तुकडा, आणि सायलेन्सरचा पाइप त्यातच उठावाने कोरलेला. पुढच्या चाकांचा धातूचा अॅक्सल तर त्या काळच्या अनेक किटांत सरळ इंजिन ब्लॉकच्या आरपार जातो. खऱ्या इंजिनाला असं भोक नसतं हे कुणालाही कळतं. पण ते भोक जोडणाऱ्याची चूक नव्हे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चाकं फिरणारी, हाताळता येणारी गाडी मिळावी म्हणून साचा बनवणाऱ्याने जाणूनबुजून घेतलेला तो निर्णय आहे. तू ते लांबी भरून बुजवलंस, तर खऱ्या फोर्डच्या जवळ जाशील, पण या किटपासून तितकाच दूर जाशील. आणि जतन करायला तुझ्या हाती आहे ते किटच. खरी फोर्ड नव्हे.

हाताच्या दोषांचं तसं नाही. ते वस्तूला झाकतात. इथे थोडा हिशेब केला की मुद्दा स्पष्ट होतो. खऱ्या गाडीवरच्या रंगाची जाडी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी असते. पंचविसाव्या मापात ती मिलिमीटरच्या अडीचशेव्या हिश्शावर येते. इतका पातळ रंग ब्रशने चढवणं शक्यच नाही. तुझ्या गाडीवर दोन-तीन हात मिळून पाव मिलिमीटरचा थर बसला असेल, तर खऱ्या मापात तो सहा मिलिमीटरहून जाड होतो. दरवाजाभोवतीची फट खऱ्या गाडीत सुमारे पाच मिलिमीटरची. प्रतिकृतीत ती मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. म्हणजे साच्यात कोरलेली दरवाजाची रेघ, कंपनीच्या नावाची अक्षरं, बॉनेटची कड, हे सगळं त्या लाल रंगाखाली बुडालेलं आहे. गावाकडच्या देवळात मूर्तीवर वर्षानुवर्षं शेंदराची पुटं चढतात, आणि कधीतरी ती खोळ गळून पडली की आतून नाक-डोळे रेखलेली मूळ मूर्ती निघते, तसंच हे आहे. म्हणून जुन्या रंगावर नवा रंग चढवण्याची सोपी वाट घेऊ नकोस. रंग पूर्ण उतरव. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बरेच रंग सुटतात. पण आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघ. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव. अॅसिटोन मात्र जवळही आणू नकोस. हे पॉलिस्टायरीन आहे. रंगासकट गाडीच विरघळेल.

काही दोषांचा मालक पटकन कळत नाही, आणि तिथेच या वाटणीचा कस लागतो. मडगार्डच्या माथ्यावरून जाणारी बारीक उंचवट्याची रेघ घे. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे ती उठते, म्हणून ती साच्याची वाटते. पण ती खरवडून काढणं हे जोडणाऱ्याचं काम, असं कारखान्याने धरलेलंच असतं. तेव्हा ती हाताच्या खात्यात जाते; पॉलिश पेपरने काढून टाक. चाकांचंही तसंच पाहावं लागतं. मऊ विनाइलच्या टायरमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि जिथे टायर कडक प्लॅस्टिकला टेकतो तिथे ते प्लॅस्टिक खातं. तुझ्या चाकांच्या कडेला वितळल्यासारखी खाच दिसली, तर त्यात जोडणाऱ्याचा काही अपराध नाही. तो काळाचा दोष आहे. खाच भरून घे, आणि नंतर टायर व चाक यांच्यामध्ये एखादा पातळ अडथळा राहील असं बघ, नाहीतर तोच दोष पुन्हा उभा राहील. काच ग्लूने धुरकटली असेल तर अतिशय बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घास, मग पॉलिश कर. डाग वरवरचा असेल तर निघेल. बंपर आणि ग्रिलच्या बाबतीत मात्र हात आखडता घे. त्यांच्यावरची चकाकी म्हणजे निर्वात पोकळीत चढवलेला अॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर. साध्या ब्लीचमध्येही तो निघून जातो आणि घरी तसा परत चढवता येत नाही. जिथे तो शाबूत आहे तिथे कोमट साबणाच्या पाण्यापलीकडे काही करू नकोस.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवं किट का घेऊ नये? ज्या गाड्यांचे साचे टिकले आणि पुन्हा बाजारात आले, त्यांच्याबाबतीत हा आक्षेप मला मान्य आहे. आधी तेवढं तपास. पण डेट्रॉइटच्या गाड्यांचं रूप दरवर्षी बदलायचं, म्हणून ही किटंही दरवर्षी बदलत. आणि नवा साचा करण्याऐवजी पुष्कळदा जुनाच साचा कोरून पुढच्या वर्षाच्या गाडीसाठी वापरला जाई. साचा बदलला, की आधीच्या वर्षाची ती बॉडी पुन्हा निघणं संपलं. मग उरतात त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे न उघडलेले, महाग झालेले डबे, आणि दुसरी म्हणजे मुलांनी घाईघाईत जोडून ठेवलेल्या अशा गाड्या. वाईट जोडलेली म्हणून ती टाकाऊ ठरवणं म्हणजे उरलेल्या मोजक्या पुराव्यांपैकी एक आपण होऊन नष्ट करणं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या मुलाने ती जोडली त्याचा हातही इतिहासच ना? टपावर ग्लूमध्ये उमटलेला अंगठा पाहा. ग्लूने प्लॅस्टिक मऊ झालं, बोट टेकलं, आणि रेषा कायमच्या उठल्या. तो घासून टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे का? माझ्या मते इथे चूक आणि निवड यांत फरक केला पाहिजे. ही किटं एकाच डब्यातून तीन तऱ्हांनी जोडता येत: मूळ रूपात, सजवून, किंवा शर्यतीची म्हणून. त्या मुलाने शर्यतीची चाकं किंवा सजावटीचं ग्रिल लावलं असेल, तर ती त्याची निवड आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. टपावरचा अंगठा मात्र त्याने निवडला नव्हता; डब्यावरच्या चित्रासारखी गुळगुळीत गाडीच त्यालाही हवी असणार. तो काढताना मन खाऊ नये म्हणून दोन गोष्टी कर. काहीही सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून तारखेसह ठेव. आणि टपाच्या आतल्या बाजूला, जिथे रूप बिघडत नाही, तिथले त्याच्या हाताचे डाग तसेच राहू दे.

तिसरा आक्षेप कौशल्याचा. आज रेझिनचे आणि थ्रीडी छपाईचे सुरेख भाग मिळतात. ते वापरून गाडी अधिक अचूक का करू नये? हरवलेल्या भागासाठी जरूर वापर. जो भाग हजर आहे पण साधा आहे, त्याच्या जागी नको. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जुन्या वास्तूंच्या जतनासाठी दोन नियम घालून दिले. जिथे नुसता अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवावा, आणि नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा पण मुळापासून वेगळा ओळखता यावा. वास्तूंसाठी केलेले हे नियम हातभर लांबही नसलेल्या प्लॅस्टिकच्या गाडीला लावणं कुणाला अतिशयोक्ती वाटेल. मला वाटत नाही. वस्तू लहान असली तरी तिच्याविषयी खोटं बोलण्याची शक्यता लहान होत नाही. नव्या भागाच्या आतल्या अंगावर साल कोरून ठेव, म्हणजे पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याची फसगत होणार नाही.

तेव्हा कामाला लागताना क्रम असा ठेव: फोटो, यादी, मग हत्यारं. यादीत प्रत्येक दोषापुढे साचा, हात किंवा काळ यांपैकी एक शब्द लिही, आणि जिथे ठरत नाही तिथे काही करू नकोस. सांधे सोडवताना जोर लावू नकोस. गाडी काही तास फ्रीजरमध्ये ठेवली तर ग्लूने वरवर धरलेले सांधे पुष्कळदा हलक्या पिळाने सुटतात. काम संपल्यावर ती साठच्या दशकातल्या एखाद्या काळजी घेणाऱ्या मुलाने, डब्यातल्याच भागांनी, धीराने जोडल्यासारखी दिसली पाहिजे. त्याहून चांगली दिसली तर काहीतरी जास्त झालं, असं समज आणि थांब.

तुझा,
मामा