आप्पांची वही

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मेडिकल बोर्डासमोर बसलं, की पहिला प्रश्न साधाच येतो, "काय त्रास आहे?" आमच्या आप्पांचं उत्तरही ठरलेलं. "पाय दुखस." अहिराणीत त्यांचं सगळं एवढ्यातच येतं.

उधन्याच्या लूम कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. बारा-बारा तासांची पाळी, तीही उभ्यानं, आणि वर सुताचे बीम चढवणं. कंबरेतली गादी सरकली, डाव्या पायाची नस दाबली गेली. ऑपरेशन झालं, तरी दुखणं राहिलंच. कामावर अपघात झाला असता आणि त्याची नोंद असती, तर ईएसआयकडे कायमच्या अपंगत्वाच्या लाभासाठी अर्ज करता आला असता. पण रोज थोडी थोडी झिजणाऱ्या कंबरेला अपघाताची तारीख कुठून आणायची? म्हणून दाखल्याचा मार्ग धरला.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले. सिकल सेल त्यात आला. आपल्या नंदुरबार-धुळ्याकडच्या आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात ज्यांनी त्या कळा पाहिल्यात, त्यांना त्याचं मोल कळेल. जुनाट दुखणं मात्र वेगळा प्रकार म्हणून यादीत नाही. कंबरेचा माणूस हाडा-सांध्यांच्या अपंगत्वात बसवावा लागतो आणि तिथे सांधा किती वळतो, स्नायूत किती जोर आहे, हे मोजतात. २००१ सालच्या सरकारी सूचनांत तर मणक्याच्या ज्या दुखण्यामागे शरीररचनेतला दोष दाखवता येत नाही, त्याला सरळ शून्य टक्के. हे वाचून मला राग आला होता. पण डॉक्टरांनी तरी काय करावं? तापाला थर्मामीटर आहे, दुखण्याला नाही.

भाषेची गंमत वेगळीच. सुरतेत डॉक्टर गुजरातीत विचारतात, "खाली चढे छे?" म्हणजे पायाला मुंग्या येतात का, बधिर होतो का. मराठी माणूस जिन्याकडे बघतो! आपल्याकडे ठणका, कळ, चमक, सल, शिणक असे किती शब्द, आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं. डॉक्टरांपुढे गेलं की सगळ्यांचं एकच होतं, दुखतंय.

पहिल्या वेळी आप्पांना तीस टक्के मिळाले. सवलती बहुतेक चाळीसपासून सुरू होतात.

वहीची युक्ती फिजिओथेरपीच्या बाईंची. "फार दुखलं" असं लिहायचं नाही, म्हणाल्या. किती मिनिटं बसवलं, किती पायऱ्यांनंतर थांबलात, रात्री किती वेळा उठलात, गोळी किती वाजता घेतली, कोणतं काम दुसऱ्यानं केलं, ते लिहायचं. आप्पांनी नातवाची अर्धी कोरी वही घेतली.

"मंगळवार. बाजारात गेलो. जाताना दोनदा ओट्यावर बसलो. येताना रिक्षा."

"गुरुवार. रात्री तीनदा उठलो. जेवताना वीस मिनिटांत उठावं लागलं."

"रविवार. आज बरं होतं. नातवाला बागेत नेलं."

हे रविवारचं पान फाडून टाका, असं आमच्या चुलतभावाचं मत. बोर्डानं वाचलं तर? आप्पा म्हणाले, "खोटंच लिहायचं तर वही कशाला?" पान राहिलं.

आणि मधेच एक ओळ होती, "डाव्या पायातली चप्पल रस्त्यात निघून गेली. कळलं नाही. सूनबाईनं मागून आणून दिली." हे काय लिहायचं, असं आई पुटपुटली होती. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा तरुण डॉक्टरांचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं. असं किती वेळा झालं? वहीत चार तारखा सापडल्या. मग पायाला टाचणी लावून पाहिली, पंजा वर उचलायला लावला, नसांची तपासणी लिहून दिली. रिपोर्टात नस कमकुवत निघाली. दुखणं मोजता येत नव्हतं, पण पायातला गेलेला जोर मोजता आला. दाखला चव्वेचाळीस टक्क्यांचा आला.

घरात असा प्रसंग असेल तर प्रत्येक केसपेपर जपा, झेरॉक्स काढून ठेवा. सुरुवातीच्या औषधाच्या चिठ्ठ्या आम्हाला गव्हाच्या डब्यामागे सापडल्या, त्यांचा उपयोग झाला. वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि जुन्या पद्धतीनं आयकर भरत असाल, तर पंचाहत्तर हजारांची वजावट मिळते, हेही सीएला विचारा. आप्पांना त्यातलं काही नको होतं, एसटीचा पास हवा होता.

दाखला पाच वर्षांचा आहे, नंतर पुन्हा तपासणी. म्हणून वही चालू आहे. अलीकडे तिच्यात दुधाचा हिशेबही शिरलाय.