गुप्तहेर नको, साक्षीदार सांभाळा

सिनेमातला खाजगी गुप्तहेर आम्हा वेळापूरच्या पोरांना परवडणारा नाही. अत्याचार झाला की वस्तीवर जाते ती आपलीच सत्यशोधन समिती. जबाब, फोटो, अहवाल, पत्रकार परिषद. पुढे काय?

नगर जिल्ह्यातलं 2014 चं खर्डा प्रकरण आठवा. समित्या तिथंही गेल्या होत्या. तरी कोर्टात साक्षीदार फितूर झाले आणि 2017 साली आरोपी निर्दोष सुटले. ज्यानं पाहिलं, त्याला मजुरीला आरोपीच्याच भावकीच्या शेतात जावं लागत असेल, तर तो किती वर्षं टिकणार? अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून कलम 15अ लागू आहे : साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन. पण मागितल्याशिवाय देतंय कोण! म्हणून मी आता पिशवीत वहीसोबत विशेष न्यायालयाकडं करायच्या त्या अर्जाचा नमुना ठेवतो.