वळणाचा रस्ता

इटली पाहावयाची असेल तर आगगाडी उत्तम आणि सहलीची बसही सोयीची. परंतु त्या देशावर जीव जडावयाचा असेल तर मोटारीवाचून गत्यंतर नाही. केवळ मोटारींसाठी राखलेला रस्ता ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आणणाऱ्या देशांपैकी हा एक. मिलान ते वारेसे हा महामार्ग 1924 साली खुला झाला आणि 1964 साली मिलानला थेट नेपल्सशी जोडणारा सुमारे 750 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्याला तिकडे ‘सूर्याचा रस्ता’ म्हणतात. प्रवेशाच्या नाक्यावर तिकीट घ्यावे, बाहेर पडताना जितके अंतर कापले तितका पथकर भरावा आणि ताशी 130 किलोमीटरच्या मर्यादेत सुखाने जावे, अशी तेथील रीत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका कापड व्यापाऱ्याचे कुटुंब जून महिन्यात या रस्त्याला लागले. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मिलानमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेली, तेथील वाहन परवाना काढलेली कन्या. गृहस्थांनी चाळीस वर्षे पेढीवर काढून नुकतेच पाडव्याला दुकान मुलाच्या स्वाधीन केले होते. आजवर उभयतांचा प्रवास झाला तो सुरत-अहमदाबादच्या खरेदीचा, नाहीतर शिखरजी आणि श्रवणबेळगोळच्या यात्रेचा. त्यातही परतीचा दिवस निघण्यापूर्वीच ठरलेला. मोटारीत पुढच्या आसनावर बसूनही त्यांच्या मांडीवर एक कागद होता. त्यावर किलोमीटर, तास आणि पथकर असे तीन रकाने आखलेले होते. मागच्या आसनावर पत्नी होत्या आणि त्यांच्या शेजारी दशम्या, खाकरे, मेतकूट व शेंगदाण्याची चटणी यांचे डबे.

भारतात सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इटलीत साडेसहा झालेले असतात. दुकान उघडण्याची ही वेळ गृहस्थांनी एकदाही चुकविली नाही. रोज साडेसहाला फोन. मुलाने एका जुन्या, थकबाकी असलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा उधारीवर माल दिला होता. त्यावरून दोन दिवस पितापुत्रांत जे बोलणे चालले होते, ते मोटारीतल्या शांततेतही ऐकू येत होते.

बोलोन्या मागे पडल्यावर अपेनाईन पर्वताची चढण लागते. तेथे 2015 पासून या मार्गाला दोन फाटे फुटले आहेत. एक नवा, बोगद्यांतून सरळ जाणारा. दुसरा जुना, डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत जाणारा. फलकांवर पहिल्याला ‘थेट’ आणि दुसऱ्याला ‘निसर्गदर्शनाचा’ असे स्पष्ट लिहिलेले असते. निवड प्रवाशाने करावयाची. एरवी महामार्गाला वाटसरूच्या मनाशी काही देणेघेणे नसते, येथे मात्र त्याला विचारले जाते!

“सरळ घे. वेळ वाचेल,” गृहस्थ म्हणाले.

“अहो, वाचवून तो ठेवायचा कुठे?” मागून प्रश्न आला.

कन्येने जुना रस्ता धरला. उंच कमानींचे पूल, चेस्टनट आणि बीच वृक्षांची गर्द राने, मधूनच दरीत दिसणारी लाल कौलांची वस्ती. एका थांब्यावर मातोश्रींनी बाकावर रुमाल अंथरला आणि दशम्या काढल्या. रकान्यांच्या हिशेबात या अर्ध्या तासासाठी जागा नव्हती.

डोंगर उतरताच प्रातो लागते. सहलीच्या बसगाड्या बहुधा हे गाव टाळून फ्लोरेन्सकडे धावतात. व्यापारी माणसाने मात्र ते टाळू नये. शतकानुशतके लोकरी कापडाचे हे केंद्र. जुन्या लोकरी चिंध्या निवडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा उद्योगही येथे एकोणिसाव्या शतकापासून भरभराटला. याच गावात फ्रान्चेस्को दातिनी या व्यापाऱ्याचा वाडा आहे. 1348 च्या प्लेगने पोरका झालेला हा मुलगा आव्हिन्यो येथे गेला, व्यापारात श्रीमंत झाला आणि 1383 साली परतला. पिसा, जेनोआ, फ्लोरेन्स, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया येथे त्याच्या पेढ्या होत्या. वह्यांच्या आरंभी देवाचे आणि नफ्याचे नाव तो एका ओळीत घाली. आपल्याकडच्या ‘शुभ’ आणि ‘लाभ’ यांचे हे सख्खे भावंडच म्हणावयाचे. सुमारे दीड लाख पत्रे, पाचशेहून अधिक हिशेबवह्या आणि आपल्या हुंड्यांसारखे हजारो कागद त्याने मागे ठेवले. वाड्यातल्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात शतके पडून राहिलेला तो ठेवा 1870 साली उजेडात आला.

एवढी पत्रे कशासाठी? गुमास्त्यांना, भागीदारांना सूचना देण्यासाठी. दूर बसून प्रत्येक गाठोड्याची चिंता वाहण्यासाठी. त्याचा नोटरी मित्र लापो मात्सेई त्याला वर्षानुवर्षे विनवीत राहिला, की व्यापाराचा पसारा आता आवर आणि आत्म्याकडे लक्ष दे. पत्नी मार्गेरिता हिच्याशीही त्याचा संसार बराचसा पत्रांतूनच चालला; तो फ्लोरेन्सला असे, ती प्रातोला, आणि मधले अंतर जेमतेम वीस किलोमीटर. आपल्या हाताने उत्तर लिहिता यावे म्हणून ती प्रौढ वयात लिहायला शिकली. 1410 साली तो वारला तेव्हा वैध वारस नव्हता. सुमारे सत्तर हजार सुवर्ण फ्लोरिनांची संपत्ती त्याने गावातल्या गरिबांसाठी ठेवली.

गृहस्थ वाड्यात हस्ताक्षरे पाहत बराच वेळ उभे राहिले. पत्नी बाहेर येऊन पायरीवर बसल्या. “पत्रं तेवढी जपून राहिली,” त्या कन्येला म्हणाल्या, “ती दोघं मात्र दोन गावांतच राहिली.” हे गृहस्थांनी ऐकले की नाही, कळावयास मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाचा फोन झाला. परंतु तो दोन मिनिटांत संपला आणि उधारीचे पुढे काय ठरले, हे कोणी विचारले नाही.

पुढचा फ्लोरेन्स ते सिएना हा रस्ता महामार्गाने न जाता 222 क्रमांकाच्या जुन्या वाटेने करावा. ग्रेव्हे, कास्तेल्लिना ही गावे, ऑलिव्हच्या बागा, टेकडीच्या कण्यावरून जाणारी सुरूची रांग. प्रदेश द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध. पण त्याच्या वाटेला न जाताही तो पुरेसा गोड आहे. एक सावधगिरी मात्र हवीच. जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या मोटारींना मज्जाव असतो. कॅमेरा नोंद घेतो आणि दंडाचा कागद कित्येक महिन्यांनी घरी येतो. मोटार वेशीबाहेर उभी करून पायी जावे. पांढऱ्या रेषेत मोटार उभी करणे फुकट, निळ्या रेषेत पैसे, पिवळी रेष इतरांसाठी राखीव.

जेवणाचे काय, हा आपल्या घरांतला पहिला प्रश्न. तेथल्या रश्शांचा पाया कांदा, गाजर आणि सेलरी यांचा. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट घालणे हा त्या चीजचा नियमच. तेव्हा विचारल्याविना काही खाऊ नये. मात्र पिसा-लिव्होर्नोकडे हरभऱ्याच्या पिठाचे, तेल-मीठ घालून भट्टीत भाजलेले धिरडे मिळते आणि सिएनाच्या बाजूस पीठ व पाणी एवढ्यावरच वळलेल्या, शेवयांहून जाड अशा ‘पीची’ मिळतात. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो फार छान लागतो.

वाल दोर्चा या खोऱ्यात, पिएन्झाजवळच्या एका खाणावळीत, साडेसात वाजता दार उघडताच ही तिघे आत शिरली. कन्येने ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’ असे म्हणून कांदा-लसूण वर्ज्य असल्याचे बजावले. चीजही नको, अंडेही नको. एवढे सारे गाळून उरले काय, अशा चेहऱ्याने आत गेलेला वाढपी टोमॅटोच्या रसातील पीचीच्या तीन थाळ्या घेऊन आला. जूनमध्ये तेथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवावयाचा नेम सांभाळणाऱ्याला युरोपात एवढी सवड क्वचितच मिळते. मातोश्रींनी घड्याळ पाहून शेवटचा पाण्याचा घोट घेतला, तेव्हा खिडकीबाहेरचा पिकलेला गहू अजून उन्हात होता.

मुक्काम डावीकडे, दहा मिनिटांवर होता. गृहस्थांनी उजवीकडचा पांढऱ्या मातीचा कच्चा रस्ता दाखविला. तो कोठे जातो, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. धुळीचा लोट मागे सोडीत मोटार उजेड असेपर्यंत त्याच रस्त्याने चालत राहिली.